टूलवरचं सोनेरी कोटिंग आणि आईचा सोनेरी गुडघा: पैसे घालायचे का?

लेथवरचा_भाऊ, जळगाव

राम राम मंडळी. एमआयडीसीत माझी छोटी टूलरूम आहे. ठिबकच्या फिटिंगचे मोल्ड, पीव्हीसी पाइपच्या डाय-पिना, मधूनअधून चटईवाल्यांचं सटरफटर काम. गेल्या आठवड्यात एक कोटिंगवाला कॅटलॉग घेऊन आला. त्यात सोनेरी, जांभळं, चंदेरी, काळं असे रंग, आणि प्रत्येक रंगाखाली एकच वाक्य: 'लाइफ तिप्पट'. सगळ्यांचं लाइफ तिप्पट, तर मग रंग वेगवेगळे कशाला, हे काही त्याला सांगता आलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी आईला गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशन ठरलंय. तिथं दोन कोटेशन मिळाली, साधा सांधा आणि 'गोल्डन' सांधा. दोघांतला फरक बराच आहे. आता दोन्ही कागद टेबलावर शेजारी पडलेत आणि दोन्हींवर एकच नाव आहे, टायटॅनियम नायट्राइड.

ड्रिलला लावतात तेच गुडघ्याला? आणि पैसे कुठे घालू, कुठे नको? जाणकारांनी सांगावं. कारखान्याचं आधी सांगितलं तरी चालेल, आईच्या ऑपरेशनला अजून वेळ आहे.

धातुपारखी, भुसावळ

भाऊ, हो, पदार्थ तोच. काम मात्र वेगळं, म्हणून हिशोबही वेगळा.

आधी टूलचं. हा थर दोन ते चार मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन धरा, म्हणजे किती पातळ ते कळेल. एचएसएसची (म्हणजे ड्रिलच्या हायस्पीड पोलादाची) कठिणता विकर्स या मापात साडेआठशे-नऊशेच्या घरात, कार्बाइडची सोळाशेच्या आसपास आणि टायटॅनियम नायट्राइडची २३०० च्या पुढेमागे. निर्वात चेंबरमध्ये टायटॅनियमच्या चकतीवर विजेचा आर्क पाडतात, धातूची वाफ होते, आत नायट्रोजन सोडलेला असतो आणि दोघांचं मिळून टूलवर बसतं. ही पीव्हीडी. टूल साधारण ४५० अंशांपर्यंत तापतं.

दुसरी पद्धत सीव्हीडी, म्हणजे वायूंच्या रासायनिक क्रियेनं थर बसवायचा, ती हजार अंशांच्या आसपास चालते. एचएसएसचं टेम्परिंग (कडक केल्यावर पुन्हा तापवणं) साडेपाचशेच्या घरातलं, त्यामुळे हजारावर नेलं की ते मऊ पडणार. म्हणून १९६९ मध्ये पहिले कोटेड इन्सर्ट (टूलवर बसवायचे धारेचे तुकडे) बाजारात आले ते कार्बाइडचे, सीव्हीडीवाले. सोनेरी एचएसएस ड्रिल दिसायला लागले ते १९८० च्या आसपास, पीव्हीडी जमल्यावर.

आता तुमचा प्रश्न, रंग वेगळे का. कारण टूल मरतं ते वेगवेगळ्या कारणांनी. धारेवर माल चिकटून बसतो, त्याला सोनेरी चांगलं. घर्षण कमी होतं, चिकटणं कमी होतं. धार तापून झिजते, कोरडं मशीनिंग आहे, कडक पोलाद आहे, तर जांभळट-काळं, म्हणजे ॲल्युमिनियम मिसळलेलं. सोनेरी थर पाचशे-सहाशे अंशांपुढे हवेत जळायला लागतो, हा आठशेपर्यंत टिकतो, कारण तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची स्वतःचीच ढाल तयार होते. निळसर-करडं कार्बोनायट्राइड आणखी कठीण, पण चारशेच्या पुढे उष्णता सोसत नाही. टॅपला आणि पंचाला छान. चंदेरी म्हणजे क्रोमियम नायट्राइड, ते मोल्डसाठी आणि तांब्यासाठी.

आणि धार तुकडे पडून जात असेल तर? तर कुठल्याच रंगाचा उपयोग नाही. स्पिंडलचा रनआउट, म्हणजे तो फिरताना किती डुलतो ते बघा, जॉबची (कापायच्या तुकड्याची) पकड बघा. कोटिंगवाला हे सांगणार नाही.

म्हणून कॅटलॉग बाजूला ठेवा. मेलेल्या टूलांचा डबा असेल ना तुमच्याकडे? तो उपडा करा आणि दहा पटीच्या भिंगानं एकेक धार बघा.

सराफकट्टा, जळगाव

आमच्या सुवर्णनगरीत सोनं विकतात, तुमच्या एमआयडीसीत सोन्याचा रंग. भाव मात्र दोघांचाही चढाच.

धातुपारखी, भुसावळ

😄 सोनं त्यात गुंजभरही नाही. पण रंगावरून एक कळतं. नायट्रोजन कमी पडला तर रंग फिकट पिवळा-चंदेरी, जास्त झाला तर तांबूस. एकाच बॅचमधले ड्रिल वेगवेगळ्या छटांचे आले तर चेंबरमध्ये काहीतरी बिनसलंय असं समजायचं. घड्याळाच्या केसवरही खाली हाच नायट्राइड असतो, आणि महागड्या घड्याळात वर खऱ्या सोन्याचा अगदी पातळ हात.

खान्देशी_बाणा, अमळनेर

जिभाऊ, मन्हाकडे आठवडे बाजारना सोनेरी ड्रिल सेट शे. पयलाच भोकमा रंग उडी गया. हाई कोटिंग व्हतं का हळद? 😂

(ज्यांना अहिराणी येत नाही त्यांनी समजून घ्यावं, मी रडतोय.)

धातुपारखी, भुसावळ

बाणाभाऊ, नुसत्या धारेवरचा रंग गेला तर घाबरू नका, तो जाणारच. तिथंच तर सगळा मार असतो. गालावरचा, म्हणजे चिप ज्या खोबणीतून वर सरकते तिथला रंग राहिला तर ड्रिल काम करत राहतो. चांगला ड्रिल टोकाला पुन्हा धार लावून वापरता येतो तो त्यामुळेच. ग्राइंडिंगमध्ये मागच्या बाजूचा थर जातो, खोबणीतला राहतो. नवीन ड्रिलएवढा नाही, पण साध्यापेक्षा बरा चालतो.

मात्र पूर्ण खोबणीतला रंग पहिल्याच भोकात गेला असेल तर खालचं पोलादच भिकार आहे. मऊ पोलादावरचा कठीण थर म्हणजे काळ्या मातीच्या चिखलावर ठेवलेली फरशी. तिच्यावर पाय दिला की ती झिजत नाही, मोडते. एवढ्या पातळ थराला स्वतःचं बळ नसतं, भार सगळा खालच्या धातूवर.

मायक्रॉनताई, मूळची धुळ्याची, हल्ली नाशिक

धातुपारखी नानांशी सहमत. व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) रोज हेच बघते, म्हणून दोन गोष्टी जोडते.

ॲल्युमिनियम कापायला ते जांभळट-काळं चुकूनही घेऊ नका. थरातलं ॲल्युमिनियम आणि जॉबमधलं ॲल्युमिनियम यांचं फार पटतं, फ्लूट (खोबणी) भरून येतात आणि एंडमिल, म्हणजे मिलिंगचा कटर, मोडते. तिथं साधी पॉलिश केलेली कार्बाइड किंवा डीएलसी. डीएलसी म्हणजे कार्बनचा काळा थर, घर्षण खूप कमी, पण तीनशे-साडेतीनशे अंशांपुढे बिघडतो. पोलादावर तर तो तापून पोलादातच विरघळायला लागतो.

दुसरं, त्या जांभळट-काळ्या कटरनं कडक पोलाद मिलिंग करताना कूलंटची धार अधूनमधून मारू नका. तापलेल्या कार्बाइडवर गार पाणी आलं की धारेला आडव्या भेगा पडतात. एकतर भरपूर आणि अखंड, नाहीतर नुसती हवा. आमचे ऑपरेटर हवा म्हटलं तर ऐकत नाहीत, पाणी सोडलं की त्यांना काम केल्यासारखं वाटतं.

क्रोमवाला, जळगाव

हे सगळं नवं फॅड आहे. आमच्या वडिलांपासून आम्ही डायला हार्ड क्रोम करतो. पाइपवाले खूश आहेत. भट्टी नाही, व्हॅक्यूम नाही, पन्नास-पंचावन्न अंशांच्या टाकीत काम होतं. डाय वाकत नाही, मऊ पडत नाही. झिजलेला साइज भरून पण देतो. तुमचं चार मायक्रॉन भरून देईल का?

लेथवरचा_भाऊ, जळगाव

नाना, यावर काय म्हणता? कारण माझ्याकडे निम्मं काम पाइपच्या डायचंच आहे.

धातुपारखी, भुसावळ

क्रोमवाल्या भाऊंचं पाइपच्या डायपुरतं बरोबर आहे, आणि त्यामागं कारण आहे.

पीव्हीडीत धातूची वाफ सरळ रेषेत जाते. जे समोर दिसतं त्याच्यावर बसते. भोकाच्या आत साधारण भोकाच्या व्यासाएवढ्या खोलीपर्यंत बरा थर मिळतो, पुढे पातळ होत जातो आणि मग नाहीच. तुमच्या डायचं लांब पोट आतून कोट होणार नाही, कितीही पैसे दिले तरी. मधली पीन मात्र बाहेरून मोकळी असते, चेंबरमध्ये फिरत राहते, ती छान होते.

पीव्हीसीचा आणखी एक त्रास. माल जास्त तापला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते पोलाद खातं. पीव्हीडीच्या थरात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं राहतातच. आम्ल त्यातून खाली शिरतं, खालचं पोलाद गंजतं आणि वरचा थर कितीही चांगला असला तरी पापुद्र्यानं सुटतो. म्हणून पीव्हीसीला आधी स्टेनलेस जातीचं मोल्ड स्टील घ्या, मग वर काय लावायचं ते बघू. नुसतं पी-२० या मोल्ड स्टीलवर क्रोमियम नायट्राइड चढवून गंज थांबेल असं समजू नका. पी-२० मुळातच तीस-बत्तीस रॉकवेलचं (हेही कठिणतेचंच माप), म्हणजे वरचा चिखल-फरशीचा प्रकारही तिथं लागू. त्याला आधी नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण करणं) करून मग कोटिंग, असं दुहेरी काम करतात.

क्रोमची कठिणता हजार विकर्सच्या आतबाहेर, नायट्राइडच्या निम्म्याहून कमी. पण तो वीस-पन्नास मायक्रॉन जाड बसतो आणि पोटात शिरतो. काच भरलेल्या नायलॉनच्या मोल्डला मी क्रोम सुचवणार नाही, काचतंतू त्याला घासून काढतात. आणि क्रोमवाले भाऊ, टाकीतलं सांडपाणी षट्संयुजी क्रोमियमचं असतं, ते नाल्यात सोडू नका. हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण बाकीचे वाचतायत म्हणून लिहिलं.

क्रोमवाला, जळगाव

ईटीपी, सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र, आहे आमच्याकडे. बाकी पोटाचं कबूल केलंत, तेवढं पुरे.

लेथवरचा_भाऊ, जळगाव

ठीक. मग पिना आणि फिटिंगच्या मोल्डचे कोअर (आतले गाभे) पाठवून बघतो. पंच सगळे ओएचएनएसचे (तेलात कडक करायच्या टूल स्टीलचे) आहेत, तेही देऊन टाकू का?

धातुपारखी, भुसावळ

थांबा! ओएचएनएस अजिबात पाठवू नका.

त्याचं टेम्परिंग तुम्ही कितीवर करता? १८० ते २००. चेंबर चारशेच्या वर जातं. साठ रॉकवेलचा पंच आत जाईल आणि पन्नासच्या घरातला बाहेर येईल, वर सुंदर सोनेरी. पहिल्याच दिवशी दबून बसेल, आणि दोष कोटिंगवाल्याला. डी-टू या टूल स्टीलचंही तसंच; दोनशेवर टेम्पर केलेला डी-टू नको, पाचशेच्या वर दोनतीनदा टेम्पर केलेला चालेल, तो साइजही धरून राहतो. एच-१३ (गरम कामाचं टूल स्टील), एचएसएस, कार्बाइड बिनधास्त. कमी तापमानाचे थर मिळतात, पण ते आधी ठरवून घ्यावे लागतात.

आणखी काही गोष्टी, लोक इथं हमखास अडकतात.

टीप ब्रेझिंग केलेली, म्हणजे डाकानं टोक जोडलेली, टूलं विचारल्याशिवाय देऊ नका. चांदीच्या ब्रेझिंगमध्ये जस्त किंवा कॅडमियम असतं. निर्वातात तापलं की त्याची वाफ होते आणि दुसऱ्यांचाही माल खराब होतो. म्हणून कोटिंगवाले परत पाठवतात, त्यांचा आडमुठेपणा नसतो.

ईडीएम केलेल्या, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कोरलेल्या, पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेला पांढुरका थर असतो. तो पॉलिश करून काढा, नाहीतर कोटिंग त्याच्यासकट निघेल. ग्राइंडिंगमध्ये जळलेल्या निळ्या डागांचंही तेच. कोटिंगवाला साफ करून घेईल म्हणाला तरी जळकं पोलाद धुऊन जात नाही.

आणि माल परत आला की चाचणी मागा. रॉकवेल मशीनवर दीडशे किलोचा हिऱ्याचा शंकू नमुन्यावर टेकवायचा आणि ठशाची कड भिंगाखाली बघायची. चांगल्या थरात ठशाभोवती बारीक किरणांसारख्या चिरा दिसतात, पण सोनेरी रंग कडेपर्यंत शाबूत असतो. वाईट थरात कडेला अर्धचंद्राचे टवके उडालेले असतात आणि मधून खालचं राखाडी पोलाद डोकावतं. एचएफ-१ ते एचएफ-६ अशा श्रेणी आहेत, चारपर्यंत घ्यायचं, पाच-सहा परत. भुसावळ-जळगावात रॉकवेल मशीन कुणाकडे ना कुणाकडे असतंच, दोन मिनिटांचं काम.

खान्देशी_बाणा, अमळनेर

वाचनखूण साठवली. नाना, तुम्ही हे फुकट सांगताय म्हणून कोटिंगवाले तुमच्यावर मोर्चा आणणार.

अस्थिवैद्य, धुळे

उशिरा आलो, ओपीडी संपत नव्हती. गुडघ्याचं मी सांगतो.

भाऊ, गुडघ्याच्या सांध्यात वरचा मांडीकडचा भाग कोबाल्ट-क्रोमियम-मॉलिब्डेनमचा असतो. तो घासतो प्लॅस्टिकच्या गादीवर, म्हणजे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनवर. वर्षानुवर्षांनी झिजते ती मुख्यतः ही गादी, धातू नव्हे. सोनेरी थर दिला जातो तो धातूवर. कठीण, गुळगुळीत, ओरखडा न पडणारा पृष्ठभाग असला तर गादी कमी झिजेल आणि धातूचे आयन शरीरात कमी जातील, असा त्यामागचा विचार. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर हे दिसतंही. पण ज्यांना सोनेरी सांधे बसवले आणि ज्यांना साधे, अशा रुग्णांच्या तुलनांमध्ये मध्यम काळात तरी ठळक फरक सापडलेला नाही.

आणि साधा सांधा काही वाईट नाही. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये मोठा आढावा आला होता, ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून. पूर्ण गुडघा बदललेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षं टिकतात, असा त्यांचा अंदाज. त्यातले बहुतेक कुठलाही सोनेरी थर नसलेले. होर्डिंगवर 'तीस-चाळीस वर्षं टिकणारा गुडघा' लिहितात ते यंत्रावरच्या चाचणीचं गणित असतं. यंत्र उकिडवं बसत नाही, पडत नाही, वजन वाढवत नाही.

सोनेरी कधी घ्यावा? निकेलची ठाम ॲलर्जी असेल तर विचार करण्यासारखं आहे. आईंना खोट्या दागिन्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याच्या बकलानं कातडीला खाज-पुरळ येतं का, विचारा. अर्थात कातडीला ॲलर्जी आहे म्हणून आतला सांधा बिघडतोच असं सिद्ध झालेलं नाही. पण अशा रुग्णाला आम्हीही धोका पत्करत नाही.

मायक्रॉनताई

डॉक्टरसाहेब, मग इंजिनिअरच्या डोक्यात लगेच येतं की सगळ्यात कमी घर्षणाचं डीएलसी का नाही लावत?

अस्थिवैद्य, धुळे

ताई, लावून बघितलंय. १९९३ ते १९९५ मध्ये युरोपात १०१ रुग्णांना डीएलसी लेपाचे खुबे बसवले. पहिलं दीड वर्ष सगळं छान. मग सांधे सैल व्हायला लागले, आणि साडेआठ वर्षांत ४५ टक्के बदलावे लागले. यंत्रावर ते सुंदर चालले होते.

धातुपारखी, भुसावळ

आणि त्याचं कारण तुमच्या पीव्हीसीच्या डायसारखंच होतं, भाऊ. लेप आणि धातू यांच्यामध्ये चिकटण्यासाठी एक पातळ थर असतो. लेपातल्या छिद्रांतून शरीरातलं खारट द्रव आत शिरलं, मधला थर हळूहळू गंजला आणि वरचा कार्बन टवक्यांनी सुटला. ते टवके पुढे सांध्यात फिरून आणखी नुकसान करतात. ड्रिल आठवडाभर चालतो, गंजायला एवढा वेळ तिथं नसतो. वीस वर्षं मिठाच्या पाण्यात राहायचं तर कठिणतेआधी चिकटपणा बघावा लागतो.

अस्थिवैद्य, धुळे

अगदी. म्हणूनच पुढे दुसरा रस्ता निघाला. झिर्कोनियम-नायोबियमचा सांधा घडवून हवेत पाचशे अंशांच्या आसपास तापवतात आणि पृष्ठभागाचाच पाचेक मायक्रॉन काळा सिरॅमिक ऑक्साइड होतो. वरून चिकटवलेलं काही नाही, म्हणून सुटायचा प्रश्न कमी. पण खालचा धातू मऊ. सांधा निखळून धातूवर घासला तर खोल ओरखडे पडतात.

किमतीचं म्हणाल तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं गुडघ्याच्या सांध्यांवर कमाल किंमत लावली तेव्हा कोबाल्ट-क्रोमला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या खास धातूंना ७६,६०० रुपये ठरवले होते, जीएसटी वेगळा. तुमच्या कोटेशनमध्ये सांधा किती आणि बाकीचं 'पॅकेज' किती, हे वेगळं करून मागा. पुष्कळदा फरक धातूचा नसतो.

एक राहिलं. स्टेमवर, म्हणजे सांध्याच्या हाडात शिरणाऱ्या दांड्यावर, हायड्रॉक्सीॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजाचा) लेप असतो तोही लोक यातच धरतात. तो पन्नास-दीडशे मायक्रॉनचा, झिजू नये म्हणून नाही, तर हाडानं त्याला धरावं म्हणून. खुब्यात जास्त वापर.

लेथवरचा_भाऊ, जळगाव

डॉक्टरसाहेब, आईला विचारलं. तरुणपणापासून पितळी पाटल्या आणि बेन्टेक्सचे दागिने घालते, कधी खाज नाही. ती म्हणाली, 'मी गुडघा कोणाला दाखवायला करत नाहीये, साधाच घाल.' तेव्हा साधा. उरलेल्या पैशात फिजिओथेरपी घरी बोलावतो.

आता कारखान्याचं. कोटिंगवाल्याला फोन केला. तो म्हणतो, पुण्याला चेंबर भरलं की बॅच लागते, कमी माल असेल तर किमान चार्ज पूर्ण. माझ्या आठ पिना आणि चार कोअर, त्यात ते चेंबर काय भरणार.

मायक्रॉनताई

चौघांनी मिळून पाठवा ना. सगळ्यांना एकच थर हवा, एवढीच अट. एका बॅचमध्ये सोनेरी आणि चंदेरी एकत्र होत नाही.

क्रोमवाला, जळगाव

माझ्या दोन गिऱ्हाइकांच्या काच-नायलॉनच्या कोअर आहेत. क्रोम टिकत नाही त्यांच्यावर, खरं सांगतो. एच-१३ आहे, नायट्रायडिंग नाही. क्रोमियम नायट्राइड करायचं असेल तर मी घालतो.

लेथवरचा_भाऊ, जळगाव

मलाही तेच हवंय. बाणाभाऊ, तुमचं काही?

खान्देशी_बाणा, अमळनेर

मन्हा हळदीना ड्रिल धाडू का? 😄 नाही, खरंच एचएसएसचे चार पंच आहेत, शेंगातेलाच्या डब्यांची झाकणं मारायचे. ते देतो. शनिवारी जळगावात येतोय.

धातुपारखी, भुसावळ

शनिवारी चालेल, मीही येतो, पाठवण्याआधी धारा बघून घेऊ. प्रत्येकाच्या मालावर कुठला भाग कोट व्हायलाच हवा आणि कुठे पकडायचं ते मार्करनं नाही, कागदावर चित्र काढून लिहा. जिथं पकडतात तिथं थर बसत नाही. तेल लावून गंजरोधक कागदात गुंडाळा, एकमेकांना धार लागता कामा नये. आणि एक फुकटचा एच-१३ चा तुकडा, त्याच कडकपणाचा, सोबत टाका. ठसा त्याच्यावर मारू.